खळ्यावरचं कोपर

“आठ आठवडे भाला बंद,” मी म्हणालो.

“तीन,” राऊत सर म्हणाले.

“सर, हे हाड आहे. भेंडी नाही.”

“भेंडी असती तर तुम्ही एव्हाना पाचवर आला असता.”

२०१६ चा सप्टेंबर. डहाणू रोडचं माझं हॉस्पिटल. हॉस्पिटल म्हणजे खाली ओपीडी आणि एक्स-रे, वर दहा खाटा. मी हाडांचा डॉक्टर. राऊत सर तलासरीच्या एका क्रीडा वसतिगृहाचे भालाफेकीचे कोच. आणि जिच्या कोपरावर ही घासाघीस चालली होती ती वनिता समोर स्टुलावर बसून एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. एकोणीस वर्षांची. उजवं कोपर डाव्या तळहातात धरून बसलेली, दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखी.

घासाघीस मला नवी नाही. माझी आई डहाणूच्या बाजारात केळीची पानं विकायची. वडील आशागडला सायकली दुरुस्त करायचे. पहिलं एक्स-रे मशीन घेताना मी विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला इतका रडवला होता की शेवटी त्याने माझ्याच ओपीडीत ब्लडप्रेशर तपासून घेतलं. पण आठवड्यांच्या बाबतीत मी सहसा खाली येत नाही. हाडाला सूट देता येत नाही.

राऊत सरांची अडचण मला कळत होती. जानेवारीत राज्य स्पर्धा होती. पहिल्या तिघींत आली तर वनिताला प्रमाणपत्र मिळणार होतं, आणि त्या प्रमाणपत्रावर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता. तिचं घर तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर. पावसाचं भात आणि थोडी नाचणी. ते संपलं की घरातले सगळे वीटभट्टीवर. हे तिने मला सांगितलं नाही, सरांनी सांगितलं. तिने एवढंच विचारलं, “डॉक्टर, हात तुटला तर पुन्हा भाला फेकता येतो का?”

“तुटू द्यायचाच नाही,” मी म्हणालो.

आता थोडं मागे जातो. वनिता माझ्याकडे आली त्याच्या महिनाभर आधी ती मुंबईच्या एका मोठ्या क्रीडावैद्यांकडे जाऊन आली होती. त्यांचं नाव घेत नाही. त्यांनी तीन मिनिटं तपासलं, कागदावर ‘टेनिस एल्बो’ लिहिलं, एक इंजेक्शन दिलं आणि पंधरा दिवसांनी सराव सुरू करायला सांगितलं. सराव सुरू झाला आणि दुखणं दुप्पट झालं.

टेनिस एल्बो दुखतं ते कोपराच्या बाहेरच्या बाजूला. मी वनिताला विचारलं, कुठे दुखतं ते दाखव. पेशंट संपूर्ण तळहात फिरवून “इथे सगळीकडे” म्हणतो तेव्हा मी निवांत असतो. वनिताने एक बोट ठेवलं. कोपर वाकवल्यावर मागे जे टोक बाहेर येतं, टेबलावर हात टेकला की जे टेकतं, त्याच्यावर. थोडंसुद्धा इकडेतिकडे नाही.

“फेकताना कधी दुखतं? भाला मागे नेताना की सोडताना?”

“सोडल्यावर. हात सरळ होतो तेव्हा.”

मी तिचं कोपर धरून झटक्याने सरळ केलं. ती ओरडली नाही. नुसता श्वास आत ओढला आणि माझ्याकडे असं बघितलं की ही भाला सोडून मलाच काही फेकून मारेल, असं वाटलं.

भाला फेकताना हात ज्या वेगाने सरळ होतो तो डोळ्यांनी दिसत नाही. दार जोरात उघडलं की मागे भिंतीवर आपटतं ना, तसं कोपराचं ते टोक मागच्या खोबणीवर आपटतं. शिवाय दंडाच्या मागचा जाड स्नायू त्याच टोकाला बांधलेला असतो. तो त्याच वेळी वर खेचतो. एकदा आपटल्याने काही होत नाही. रोज, महिनोन् महिने आपटलं की हाडात बारीक चीर पडते. याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पडून, ठेचून झालेलं नाही, वापरून झालेलं.

राऊत सरांना मी हे हायवेवरून समजावलं. चारोटीजवळ रस्ता का खचतो? एका ट्रकमुळे नाही. रोज ट्रक जातात, आणि दुरुस्तीवाल्यांना रस्ता बंद करून मिळत नाही. हाडातही दुरुस्तीची गँग असते. ती रोज कामावर येते. पण वाहतूक थांबली नाही तर ती बिचारी झेंडा धरून कडेला उभी राहते.

“म्हणजे डायव्हर्जन पाहिजे,” सर म्हणाले.

“बंद पाहिजे. डायव्हर्जन नाही.”

एक्स-रे मी काढला होता. तो अगदी स्वच्छ आला. अशा चिरा सुरुवातीला साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाहीत. त्यासाठी एमआरआय लागतो. पण एमआरआय सांगण्याआधी मी मुंबईला फोन केला. रीत म्हणून. त्यांचा पेशंट होता.

“एक्स-रे क्लीन आहे ना?” ते म्हणाले. “मग झालं. या मुली घाबरतात हो. आणि डहाणूला तुम्ही स्पोर्ट्स इंज्युरी किती बघता?”

“कोपरं बघतो,” मी म्हणालो आणि फोन ठेवला. त्या वाक्याचा राग मला अजून आहे. तो मी जपून ठेवला आहे. अधूनमधून काढून बघतो.

एमआरआय त्या वेळी आमच्यापासून जवळ म्हणजे वापीला. तिथले सेंटरवाले हसमुखभाई माझ्या ओळखीचे.

“साहेब, आ अठवाडियामां जग्या ज नथी,” ते फोनवर म्हणाले. मग मराठीत आले. “या आठवड्यात जागाच नाही. आणि कन्सेशन तर बिलकुल नाही. गेल्या वेळी तुम्ही मला लुटलं.”

“हसमुखभाई, बाचा गुडघा कसा आहे?”

बा म्हणजे त्यांची आई. तिचा गुडघा सुजलेला होता. सुरतला दाखवून झालं होतं, आणि म्हातारी कुणाचंच ऐकत नव्हती. ती फक्त माझं ऐकायची, कारण मी तिच्यावर ओरडायचो.

“उद्या अकरा वाजता पाठवा मुलीला,” ते म्हणाले. “आणि तुम्ही रविवारी बाला बघायला या. जेवायलाच या.”

एमआरआयमध्ये चीर स्पष्ट दिसली. टोकाच्या मागच्या बाजूने निघून हाडाच्या निम्म्यापर्यंत आलेली. आजूबाजूचं हाड सुजलेलं. पूर्ण आरपार गेली तर टोक सुटणार, स्क्रू घालावा लागणार, आणि स्क्रू घातलेल्या कोपराने पूर्वीइतकं लांब फेकता येईल याची कुणी हमी देत नाही. सोबत रक्त तपासलं. हिमोग्लोबिन कमी, व्हिटॅमिन डी कमी. गोळ्या लिहून दिल्या. अंडी, दूध, सुकट, नाचणी, जे मिळेल ते भरपूर खा म्हणून सांगितलं. वसतिगृहाच्या जेवणाबद्दल राऊत सरांना दोन शब्द सुनावले. त्यांनी ते पुढे पोचवले, त्याहून मोठ्या आवाजात.

आणि मग ती आठ विरुद्ध तीनची घासाघीस. शेवटी मी म्हणालो, “सर, भाला कुठे आहे तिचा?”

“जीपमध्ये.”

“आणा.”

त्यांनी आणला. मी तो एक्स-रे रूमच्या दारामागे उभा केला. “अनामत. हाड बरं झालं की परत. मध्ये हिने कुणाचा दुसरा उचलला तर हा मी शेवग्याच्या शेंगा काढायला वापरीन.”

वनिता पहिल्यांदा हसली. “घरी काही जड उचलत नाहीस ना?” मी विचारलं. “नाही,” ती म्हणाली. “खेळायचं बिलकुल नाही. कळलं?” “कळलं.”

आठ आठवडे ठरले.

त्या दोन महिन्यांत त्या भाल्याने मला फार त्रास दिला. दर दुसरा पेशंट विचारायचा, हा कशाला? कंपाउंडर सांगायचा, बिल न देणाऱ्यांसाठी.

नोव्हेंबरच्या शेवटी वनिता परत आली. यावेळी सीटी स्कॅन केला, कारण हाडातली रेघ सीटीत नीट मोजता येते. पुन्हा वापी, पुन्हा बाचा गुडघा. फिल्म आली. मी ती उजेडाच्या पेटीवर लावली आणि दोन मिनिटं काही बोललो नाही. माझ्या बाबतीत हे लक्षण चांगलं नाही. रेघ निम्म्यावर थांबली नव्हती. ती आणखी पुढे गेली होती.

मग मी बोललो. काय बोललो ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. वर दहाही खाटांना ऐकू गेलं. गोषवारा असा, की राऊत सर प्रमाणपत्रासाठी पोरीचं हाड विकायला निघाले आहेत आणि चोरून सराव घेत आहेत.

सरांचा चेहरा लाल झाला. “भाला तुमच्या दारामागे आहे. मी हिला काय फेकायला दिलं? झाडू?”

“वसतिगृहात दुसरे भाले नाहीत?”

“ती वसतिगृहातच नाही. आठ आठवडे सराव बंद म्हटल्यावर तिथे जागा कोण देतं? ऑक्टोबरपासून घरी आहे ती. आराम करते.”

मी वनिताकडे वळलो. “खरं सांग.”

“भाल्याला हात नाही लावला, डॉक्टर. बॉलसुद्धा नाही फेकला. दगड नाही.” तिचे डोळे भरले होते पण आवाज सरळ होता. “घरीच होते.”

आता, खोटं बोलणारे पेशंट मी आयुष्यभर बघितले आहेत. बिडी सोडली म्हणणाऱ्याच्या खिशातली बिडी मी बोलता बोलता काढतो. ही खोटं बोलत नव्हती. आणि फिल्मही खोटं बोलत नव्हती.

मुंबईच्या डॉक्टरांनाही सीटी पाठवला होता. त्यांचा फोन आला. आता ते चीर मान्य करत होते. पण जणू ती त्यांनीच शोधली होती.

“कन्झर्व्हेटिव्ह फेल गेलं,” ते म्हणाले. म्हणजे ऑपरेशनशिवायचा उपाय फसला. “पेशंट नॉन-कम्प्लायंट आहे. सांगितलेलं ऐकत नाही. या भागातले पेशंट असेच. इकडे पाठवा, स्क्रू घालून टाकू.”

स्क्रू मलाही घालता येतो. मुद्दा तो नव्हता. ज्या गोष्टीने चीर वाढली ती कोणती, हेच माहीत नसताना स्क्रू घातला तर तीच गोष्ट स्क्रूलाही वाकवणार. आणि ‘या भागातले पेशंट’ हे शब्द माझ्या डोक्यात फिरत राहिले. या भागातला मीही आहे.

“आठ दिवस द्या,” मी म्हणालो.

रविवारी सकाळी मी गाडी काढली. चारोटीला चहा घेतला, हायवेने तलासरी गाठलं. नाक्यावर राऊत सर उभे होते. मला पाड्याचा रस्ता माहीत नव्हता म्हणून त्यांना घ्यावं लागलं. आमचं बोलणं बंद होतं. “डावीकडे”, “उजवीकडे”, “खड्डा” एवढंच ते बोलले, आणि ‘खड्डा’ दर वेळी उशिरा.

डांबर संपलं तिथे गाडी लावली आणि चालत निघालो. पाड्याच्या अलीकडूनच आवाज येत होता. धप, धप, धप. एका तालात, मध्ये बायकांचं हसणं.

खळं शेणाने सारवलेलं, लख्ख. मधोमध लाकडी फळ्या तिरक्या उभ्या केलेल्या. कडेला भाताचे भारे रचलेले. पाच-सहा बाया ओळीने उभ्या. प्रत्येकीच्या हातात भाताची पेंढी. ती डोक्यामागून उंच न्यायची आणि सगळ्या जोराने फळीवर हाणायची. दाणे खाली, पेंढा हातात. पुन्हा वर, पुन्हा खाली. याला झोडणी म्हणतात. मी डहाणूचा, ती लहानपणापासून बघितलेली आहे. पण त्या दिवशी मी ती कोपराच्या डॉक्टरच्या नजरेने बघितली.

ओळीतली तिसरी वनिता होती.

हात डोक्यामागे. कोपर पुढे. मग झटक्याने सरळ. शेवटच्या क्षणी कोपराचं टोक खोबणीवर आपटतं आणि स्नायू वर खेचतो. भाला सुटून जातो तरी. पेंढी फळीवर आदळून तो दणका परत हातात येतो. आणि भाला दिवसाला किती वेळा फेकणार? इथे सकाळपासून दुपारपर्यंत थांबणं नाही.

राऊत सर माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी हळूच म्हटलं, “सोडल्यावरचा हात, फॉलो-थ्रू, अगदी परफेक्ट आहे हो.”

“तुम्हीच शिकवलाय,” मी म्हणालो. आमचं बोलणं सुरू झालं.

वनिताने आम्हाला बघितलं आणि पेंढी खाली ठेवून धावत आली. खुशीत. डॉक्टर घरी आले म्हणून. मी तोंड उघडलं होतं ओरडायला, ते तसंच मिटलं.

“हे कधीपासून चाललंय?”

“दिवाळीपासून. आज लखमीकाकीचं आहे.”

“मी काय सांगितलं होतं?”

“खेळायचं नाही.” तिने मागे खळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “हे खेळ थोडंच आहे?”

आम्हाला बाजेवर बसवून तिच्या आईने पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. पाड्यावर झोडणी एकट्याची नसते. आज एकाच्या खळ्यावर सगळे, उद्या दुसऱ्याच्या. तुमच्या घरचा एक हात आमच्याकडे आला की आमच्या घरचा एक हात तुमच्याकडे जायचा. वनिता वसतिगृहात होती ती सगळी वर्षं तिच्या घरचा एक हात कमी पडायचा. कुणी बोलून दाखवलं नव्हतं. पण आईला ते बोचत होतं. यंदा पोर घरी होती. खेळ बंद, म्हणजे मोकळी. मग ती प्रत्येकाच्या खळ्यावर गेली. इतक्या वर्षांच्या पाळ्या फेडायला.

“अहो पण तिला आराम सांगितला होता मी,” मी म्हणालो.

“आरामच ना,” आई म्हणाली. “खेळायची नाय, पळायची नाय. जड काय नाय उचलत. पेंढी काय जड असते?”

पेंढी खरंच जड नसते. आणि त्या घरात आजारी माणूस म्हणजे अंथरुणावर पडलेला माणूस. वनिता चालत होती, जेवत होती, हसत होती. तिला आजारी कुणी म्हणावं? मी आराम दिला होता, आणि त्या आरामाने तिचं हाड झिजवलं. आठ आठवडे ती वसतिगृहात भाला फेकत राहिली असती तर ते कदाचित कमी झिजलं असतं.

“आजपासून झोडणी बंद,” मी म्हणालो.

तेवढ्यात लखमीकाकी आली. वनिताची चुलती. बारीक, काळीसावळी, कंबरेला पदर खोचलेला. त्या खळ्याची मालकीण तीच होती आणि त्या पाड्याचीही असावी.

“बंद कसा?” ती म्हणाली. “अजून चार खळी आहेत. हिच्या घरचं तर सगळ्यात शेवटी. आता ही गेली नाय तर तिकडे कोण येल?”

“काकी, हिचं हाड तुटेल.”

“तुटल तर नको,” ती लगेच म्हणाली. मग विचार करून, “पण हाताच्या बदली हात लागतो. आमचा कायदा नाय हा, पण लागतो.”

“ती दाणे झाडेल. भाकऱ्या करेल.”

“ते म्हाताऱ्यांचं काम. ते मी करते.”

“मी मजूर पाठवतो. मजुरी मी देतो.”

काकीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा नाराजी आली. “मजूर आणायचा तर आमाला एकमेकांची काय गरज?”

इथे मी हरत चाललो होतो, आणि मला हरायची सवय नाही. मी रागाने उठलो. “मग काय करू? मी झोडू?”

काकीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “शर्ट काढा. खराब होल.”

बाया इतक्या हसल्या की एक खाली बसली. मी बनियनवर फळीसमोर उभा राहिलो. पेंढी उचलली, डोक्यामागे नेली, हाणली. अर्धे दाणे माझ्या तोंडावर.

“डॉक्टर, भात झोडा, आमाला नको,” ओळीतून कुणीतरी म्हणालं.

राऊत सर लांब उभे राहून फोटो काढत होते. मी त्यांनाही बोलावलं. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी लखमीकाकीचं खळं आटोपायला हातभार लावला. कितीचा, ते माहीत नाही. पण बाराच्या सुमारास मला माझ्या उजव्या कोपराच्या मागे, अगदी त्या टोकावर, एक ठणका कळला. पुस्तकात वाचलेला, शंभर पेशंटांना विचारलेला. आता तो माझा होता.

जेवताना मी वनिताला बाजूला घेतलं. “जानेवारी विसर. ऑपरेशन केलं तरी जानेवारी हुकणार, न करता तरी हुकणार. पण आता खरा आराम दिलास तर पुढच्या वर्षी तुझा हात तुझ्याकडे असेल. चालेल?”

तिने उजवं कोपर डाव्या तळहातात धरलं. तिकडे बाया ताटं घासत होत्या. मग म्हणाली, “आणि पुढच्या वर्षी पण नाही झालं तर?”

“तर स्क्रू. मी घालीन. फुकट.”

“तुम्ही फुकट म्हणताय म्हणजे होणार नाही,” राऊत सर म्हणाले. ती हसली आणि मग थोडं रडली.

दुसऱ्या दिवशी मी तिला हॉस्पिटलला बोलावून प्लास्टर घातलं. वैद्यकीय दृष्ट्या पूर्ण प्लास्टरची गरज नव्हती. सांधा फार दिवस बांधून ठेवला की आखडतो. म्हणून ते अर्धं होतं, पट्टीने बांधलेलं, काढता येण्यासारखं. रोज सकाळी काढून हळूहळू हात वाकवायचा आणि परत बांधायचं, हे फक्त तिला माहीत. बाहेरून मात्र मी ते चांगलं जाड, पांढरंशुभ्र, दंडापासून मनगटापर्यंत केलं. गळ्यात झोळी दिली. ते हाडासाठी कमी आणि खळ्यासाठी जास्त होतं. प्लास्टर घातलेल्या मुलीला कुणी पेंढी देत नाही. तिची आईसुद्धा नाही. ते न सांगता सगळ्यांना कळतं.

राहिलेल्या खळ्यांवर तिच्या पाळीला आम्ही गेलो. तीन रविवार. राऊत सर लवकर शिकले. मी शिकलो नाही. काकीने मला शेवटी पेंढा रचायला लावलं.

मार्चमध्ये सीटी केला. चीर भरत आली होती. मेमध्ये ती दिसेनाशी झाली. भाला परत देताना मी राऊत सरांशी दीड तास भांडलो. आधी हलका चेंडू, मग जड चेंडू, मग भाला, तोही अर्ध्या जोराने, आणि ज्या दिवशी दुखेल त्या दिवशी थांबायचं. त्यांनी सगळं मान्य केलं, फक्त शेवटी विचारलं, “शेवग्याच्या शेंगांना चालला असता का हो हा?” कंपाउंडर म्हणाला, “मी एकदा वापरला.”

जुलैत एक गोष्ट झाली. आशागडला माझी थोडी भातजमीन आहे, स्वतःच्या कमाईतून घेतलेली. लावणीला दर वर्षी माणसं मिळत नाहीत आणि मी दर वर्षी चिडतो. एका सकाळी शेतावरून फोन आला, बाया आल्यात, तुम्ही बोलावल्यात का? मी गेलो. लखमीकाकी, वनिता, तिची आई आणि आणखी तिघी. पहाटे जीपने तलासरी, तिथून एसटीने डहाणू, तिथून आशागड.

“काकी, मजुरी काय ते आधी ठरवा,” मी म्हणालो.

“मजुरी दिली तर पाळी फिटत नाय.”

“अहो, मी तीन-चार रविवार झोडलं. तुम्ही सहाजणी कशाला?”

“तुमी झोडलेल्या पेंढ्यात अर्धं भात तसंच होतं. आमी पुन्हा झोडलं.”

“मग तर कमी यायला पाहिजे.”

“तुमाला लावणी पण येत नसंल,” काकी म्हणाली. “शिकवायला जास्त लागतात.”

आयुष्यात पहिल्यांदा मलाच मिळणारं कमी करा म्हणून घासाघीस करत होतो आणि समोरचा ऐकत नव्हता. वनिता बांधावर उभी होती, हातात रोपांची जुडी. चिखलात उतरायच्या आधी तिने मला हाक मारली.

“डॉक्टर, हे चालेल?”

मी तिला चार रोपं लावून दाखवायला सांगितलं. बोटांचं काम. कोपर वाकलेलं, शांत. “चालेल,” मी म्हणालो.

जानेवारी २०१८ मध्ये राज्य स्पर्धेत ती दुसरी आली. त्यापुढच्या वर्षी पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर लागली. राऊत सरांनी फोनवर सांगितलं तेव्हा दोघांचेही आवाज जरा घोगरे होते. आम्ही हवेला दोष दिला.

मुंबईच्या डॉक्टरांनी ही केस एका परिषदेत मांडली. मी श्रोत्यांत होतो. पडद्यावर माझा एमआरआय, माझा सीटी, बरं झालेलं माझं हाड. माझं नाव नव्हतं. स्लाइडवर लिहिलं होतं, ऑपरेशनशिवाय यशस्वी उपचार. टाळ्या मीही वाजवल्या, कारण हाड वनिताचं होतं.

एवढं शिकलो: पेशंटला नुसतं ‘आराम करा’ सांगून सोडायचं नाही. पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत हात काय काय करतो ते विचारायचं, आणि घरी ज्याला काम म्हणतच नाहीत तेही विचारायचं. वेळ लागतो. ओपीडी तुंबते. मी ओरडतो. पण विचारतो.

चहाच्या वेळी ते डॉक्टर माझ्याजवळ आले. म्हणाले, “तुमच्या भागात एवढा कम्प्लायन्स तुम्हाला मिळाला कसा?”

“तीन रविवार लागतात,” मी म्हणालो. “येताना जुना शर्ट घाला.”